माथ्यावरचा रहाट आणि डोणीतली मासोळी

मुलांनो, ही गोष्ट गोड नाही. आधीच सांगून ठेवतो, मागाहून तोंड वाकडं करायचं नाही. शेवटी सगळे आनंदाने नांदू लागले असं ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी खुशाल उठून खेळायला जावं. बाकीच्यांनी नीट मांडी घालून बसा.

एका उंच डोंगराच्या माथ्यावर एक रान होतं आणि त्या रानात एक म्हातारा रेडा राहत असे. फार पूर्वी तिथे माणसांची वाडी होती. माणसं डोंगर उतरून कुठेतरी निघून गेली. जाताना त्यांनी दोन गोष्टी मागे टाकल्या, एक हा रेडा आणि दुसरा विहिरीवरचा रहाट. रहाट तुम्ही पाहिला नसेल. विहिरीच्या तोंडावर एक मोठं लाकडी चाक, त्या चाकावरून खाली सोडलेली मातीच्या गाडग्यांची लांबलचक माळ, आणि चाक फिरवण्यासाठी एक आडवं लाकूड. त्या लाकडाला खांदा लावून जनावर गोल गोल चालू लागलं की रिकामी गाडगी खाली जातात, भरलेली वर येतात आणि पाटात ओततात. त्या माथ्यावर ना ओढा ना तळं. रानातली सगळी तहान त्या एका रहाटावर होती.

पाट रानातून वळत वळत जाई. ससे, चितळ, रानडुकरं, मोर, ज्याला जिथे सोयीचं तिथे तो पाणी पिई. आणि पाट जिथे संपे तिथे एक दगडी डोण होती. त्या डोणीत एक मासोळी राहत असे. मासोळी डोंगराच्या माथ्यावर कशी आली, असं विचाराल. अहो, ती बोटाच्या पेराएवढी असताना विहिरीतल्या एका गाडग्यात शिरली आणि पाण्याबरोबर वर आली, तेव्हापासून डोण हेच तिचं माहेर आणि हेच तिचं सासर. त्या उन्हाळ्यात तिची पिल्लं नुकतीच हलूचालू लागली होती, तिळाएवढी, नुसते डोळेच डोळे. डोणीच्या तळाला एक बारीक चीर होती. तिथून पाणी सतत झिरपत असे. म्हणून पाटातून येणारी धार सतत यायला हवी. कमी आली तर डोण आटणार, आणि फार जोरात आली तर पिल्लं काठावरून बाहेर फेकली जाणार. बाकीच्यांना तहान लागली तर ते चार पावलं चालून जातील, मासोळी कुठे जाणार?

रेडा मात्र खमक्या होता. दिवसभर फिरायचा, संध्याकाळीही फिरायचा. रहाटाच्या खांबावर एक टिटवी बसलेली असे. गव्यांचा कळप पाण्याला निघाला की ती आधीच ओरडे, "आले रे, गवे आले!" मग रेडा मान खाली घालून जरा जास्त रेटा देई आणि गवे पाटाला तोंड लावेपर्यंत पाणी वाढलेलं असे. गवे गेले की तो पुन्हा सैल होई. त्याला ठेच लागली तरी चाक थांबत नसे, कारण एवढं मोठं धूड एकदा चालायला लागलं की एका ठेचेने थोडंच अडतं? त्या रहाटाला पूर्वी एक खुंटी होती, चाक उलटं फिरू नये म्हणून माणसांनी ठोकलेली. ती कधीच कुजून पडली होती. रेड्याचं ओझंच असं की चाकाची उलटं फिरायची हिंमत होत नसे, त्यामुळे खुंटी पडल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग रेडा चांगलाच की. थांबा, इतकी घाई नको. रेड्याचं खाणं अफाट होतं. एवढं ओढायचं तर पोटात तेवढं जायलाही हवं. आधी त्याने विहिरीजवळचं गवत संपवलं, मग उताराचं, मग पलीकडच्या टेकाडाचं. हळूहळू सगळा डोंगर बोडका झाला. माती सुटली, वारा आला की धुळीचे लोट उठू लागले. सशांच्या बिळांत पिल्लं खोकू लागली. एका सशिणीचं एक पिल्लू त्या धुळीनेच गेलं. ती रेड्यासमोर येऊन रडत म्हणाली, "दादा, तुम्ही पाणी देता खरं, पण आमचं रान खाता हो!" रेड्याने मान खाली घातली. खोटं तर नव्हतं ते. असंच चालू राहिलं असतं तर पाणी मिळालं असतं आणि रान मेलं असतं.

अशा वेळी हरणं पुढे आली. त्यांची म्होरकी हरिणी म्हणाली, "आम्ही लाकडाला कपाळ लावून ढकलू. आम्हाला फार चारा लागत नाही." तिच्यापाठोपाठ वानरंही झाडावरून उतरली. त्यांचा थोरला हुप्प्या छाती काढून म्हणाला, "आम्ही चाकाला दोर बांधून ओढतो. पाला खाऊन राहणारे आम्ही, गवताला हातसुद्धा लावणार नाही." आणि खरोखरच दोघांनी झकास काम केलं. ऊन चढलं की वानरांच्या अंगात बळ येई, ती दोराला लोंबकळून चाक गरागरा फिरवत. सायंकाळी ऊन उतरलं की ती झोपायला झाडावर जात, पण तेवढ्यात डोंगरावर वारा सुटे आणि वारा सुटला की हरणांना हुशारी येई. वाऱ्यावर लांबचा वास येतो ना! वाघ कुठे आहे ते हरणांना नाकानेच कळे, मग ती निर्धास्त ढकलत राहत. रेडा मधोमध नुसता सावकाश चाले. वानरं दमली की तो जोर लावी, हरणं बिचकली की तो सांभाळून घेई. त्याचं खाणं निम्म्याहून कमी झालं. उतारावर पुन्हा हिरवी पाती दिसू लागली. सशीण पहिल्यांदा हसली. ते दिवस त्या रानाचे सगळ्यात चांगले दिवस होते, आणि चांगल्या दिवसांत कुणी नीट विचार करत नाही, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगतो.

त्या रानात एक कोल्हा होता. कोल्होबा काही दुष्ट नव्हते बरं का. त्यांना फक्त टाळ्या फार आवडत. त्यांनी सगळ्या प्राण्यांना विहिरीपाशी बोलावलं आणि खडकावर उभं राहून म्हणाले, "मंडळी, आता रेड्याची गरजच काय? ऊन फुकट, वारा फुकट. रेड्याला मानाने निरोप देऊ आणि डोंगर हिरवागार करू!" सगळ्यांनी माना डोलावल्या. सशीण तर आनंदाने रडलीच.

तेवढ्यात विहिरीच्या काठावरचं म्हातारं कासव घसा खाकरून बोललं, "निरोप जरूर द्या. पण आधी तो जुना हौद उपसा."

विहिरीला लागून एक हौद होता, गाळाने आणि काटेरी झुडपांनी बुजलेला. कासव म्हणालं, "दुपारी वानरं हवं त्यापेक्षा जास्त पाणी काढतात. ते हौदात साठवा, अडीनडीला उपयोगी पडेल. आणि चाकाला नवी खुंटी बसवा. रेडा आहे तोवर खुंटीचं काम तो करतोय. तो गेल्यावर कोण करणार?"

"आजोबा," कोल्होबा हसून म्हणाले, "तुम्हाला चालायला उशीर लागतो म्हणून साऱ्या रानाने तुमच्या चालीने चालायचं की काय?"

सगळे खो खो हसले. कासवाला फार लागलं ते. तरीही ठरलं, की हौद उपसायचा. दुसऱ्या दिवशी सगळे जमलेही. रानडुकरांनी मुसंडीने थोडा गाळ उकरला, माकडचेष्टा करत वानरांनी चार काटक्या ओढल्या, सशांनी दोन खड्डे केले. मग ऊन तापलं. पलीकडे उंबर पिकून खाली सडा पडल्याची बातमी आली. "उद्या करू," असं म्हणत एकेक जण पांगला. गाळ उपसण्याच्या कामाला कोण टाळ्या वाजवणार हो? तो उद्या काही उजाडला नाही. आणि खुंटीसाठी कुणी साधं लाकूडसुद्धा शोधलं नाही.

मासोळीला राहवेना. एकदा कोल्होबा डोणीपाशी आले तशी ती काठाशी येऊन म्हणाली, "कोल्होबा, रेडेदादा गेल्यावर माझी धार सारखी राहील ना? पिल्लं फार लहान आहेत हो."

"मासोळीताई, आत्ता पाणी येतंय ना?"

"येतंय."

"मग उगाच काळजी कशाला उकरून काढता!" आणि शेपटी झुलवत कोल्होबा निघून गेले.

निरोपाचा दिवस आला. रेड्याच्या गळ्यात रानफुलांच्या माळा घातल्या. कोल्होबांनी भाषण केलं. भाषण संपल्यावर रेड्याने एवढंच विचारलं, "हौदाचं काय झालं?"

"होईल, होईल," कोल्होबा म्हणाले.

रेड्यालाही मान होता. ज्यांनी माळा घालून वाटेला लावलं त्यांना 'मला ठेवून घ्या' असं तो कसा म्हणेल? तो डोंगराच्या पलीकडच्या उताराला खाली दरीत निघून गेला. कासवाने ते पाहिलं आणि मान कवचात ओढून घेतली. 'हसले ना मला? आता निस्तरा,' असं मनाशी म्हणत ते झुडपात जाऊन बसलं. गरज सरो वैद्य मरो म्हणतात ते हेच, मुलांनो. आणि ज्याला कळत होतं तो रुसून बसला, हे त्याहून वाईट.

पहिल्यांदा काहीच बिघडलं नाही. उलट पाणी वाढलं! भर दुपारी वानरांना असा चेव येई की चाक भिरभिरू लागे. गाडगी विहिरीच्या दगडांवर आदळत, एखादं फुटे. पाट ओसंडून वाही. डोणीत धार इतक्या जोराने येई की मासोळी पिल्लांना पोटाशी घेऊन एका कोपऱ्यात दडून राही. तरी एकदा दोन पिल्लं काठावरून बाहेर गेलीच आणि तापलेल्या दगडावर तडफडून मेली. मासोळीने टाहो फोडला. कोल्होबा म्हणाले, "आता पाणी जास्त झालं हीसुद्धा तक्रार? कठीण आहे बुवा तुमचं!" आणि जे पाणी ओसंडून मातीत गेलं ते मातीतच गेलं. हौदात साठलं असतं तर... पण जाऊ द्या.

इथे जरा थांबतो. तुमच्या घरातला दिवा लागतो ना, त्या विजेचंही असंच असतं. ती घागरीत भरून कोपऱ्यात ठेवता येत नाही. साठवायची तर त्याची मुद्दाम सोय करावी लागते, नाहीतर ज्या घटकेला जेवढी हवी त्या घटकेला तेवढीच तयार व्हावी लागते. कमी पडली तरी घात, जास्त झाली तरी घात. उन्हाची वीज चांगली, वाऱ्याचीही चांगली, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण ऊन आणि वारा काही तुमच्या आमच्या हाकेला ओ देत नाहीत. बरं, चला पुढे.

एके दिवशी सकाळपासून उकडत होतं. पान हलत नव्हतं. दुपार कलली तसा आभाळात एक काळा ढग चढला आणि उन्हावर बसला. उन्हाने अंग शेकायची सवय असलेली वानरं मरगळली. हुप्प्या म्हणाला, "आज अंगात त्राणच नाही रे. हरणं आहेत, ती बघतील." आणि सगळी टोळी नेहमीपेक्षा लवकर झाडावर गेली.

हरणं एकटी ढकलू लागली. वारा नव्हता. म्होरक्या हरिणीने नाक वर करून पाहिलं, कसलाच वास येईना. वाघ जवळ आहे की लांब, काही कळेना. सगळ्या कळपाचे कान उभे राहिले. पावलं जड झाली, चाक मंदावलं. नेमकी तेव्हाच टिटवी ओरडली, "आले रे, गवे आले! पाणी वाढवा!"

दिवसभर तापलेला गव्यांचा कळप धूळ उडवत पाटाकडे येत होता. त्या कल्लोळात कुठेतरी एक वाळकी फांदी कडाडली. एक हरीण दचकलं आणि उधळलं. त्याच्यामागे दुसरं, त्याच्यामागे सगळा कळप. कुणीही ठरवून पळालं नाही, मुलांनो. एक पळालं म्हणून दुसरं पळालं, एवढंच. हरिणी ओरडत होती, "थांबा, अरे लाकूड सोडू नका!" पण तिचेही पाय तोवर उचलले गेले होते.

लाकडाला कुणी उरलं नाही आणि वर तर पाण्याने गच्च भरलेली गाडगी. रेडा असता तर चाक नुसतं अडखळलं असतं. आता ते थरथरलं, क्षणभर थांबलं आणि भसकन उलटं फिरलं. खुंटी नव्हती. माळ सुसाट खाली निघाली. गाडगी एकमेकांवर आपटली, भिंतीवर आपटली, माळेचा दोर तुटला आणि सगळी माळ खापरांचा खच होऊन विहिरीच्या तळाला गेली. मोठा आवाज झाला. मग विहीर गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन लख्ख पडलं होतं, वाराही छान सुटला होता, पण आता त्यांचा उपयोग काय? रात्रभर तहानलेले सगळे प्राणी विहिरीपाशी जमले आणि भांडण जुंपलं.

"हरणं पळाली म्हणून झालं!" हुप्प्या ओरडला.

"आणि आधी झाडावर कोण चढून बसलं होतं?" हरिणी म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते.

"गव्यांनी एकदम यायची काय गरज होती?" कोल्होबा म्हणाले. "आणि मुळात तो ढग! ढगाला मी काय करणार?"

"आम्ही रोजच्या वेळेलाच आलो," थोरला गवा गुरगुरला. "आम्ही काय तुमचं घोडं मारलंय?"

कासवही झुडपातून बाहेर आलं. ते म्हणालं, "मी सांगितलं होतं." पुन्हा म्हणालं, "मी सांगितलं होतं की नाही?" दोनदा बोलून त्याला बरं वाटलं असावं. पण त्या बोलण्याने कुणाची जीभ ओली झाली नाही. काही रानडुकरं हौदाकडे धावली आणि जीव तोडून गाळ उपसू लागली. तहान लागल्यावर विहीर खणतात ना, तसंच. हौद उपसून त्यात भरणार काय होते, देव जाणे. टिटवी तेवढी काही न बोलता उडाली आणि रेड्याला शोधायला दरीत गेली.

आता ऐका. पाट कोरडा पडला होता. साऱ्या माथ्यावर पाणी उरलं होतं ते एकाच ठिकाणी, मासोळीच्या डोणीत. तेही चिरेतून झिरपत चाललेलं.

आधी एक मोर आला. "मासोळीताई, रागावू नका, एकच घोट घेतो." त्याने एकच घोट घेतला. मग एक चितळ आलं, तेही एकच घोट प्यायलं. हुप्प्या आपल्या कळपातल्या एका बाळंतिणीला घेऊन आला. म्हणाला, "मला नको, हिच्यापुरतं." हरिणी आली, तिने मान फिरवली, परत आली आणि एक घोट प्यायली. सशीण आली. तिने मासोळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, माझं पिल्लू गेलं तेव्हा मला कळलं होतं काय वाटतं ते. पण आता जे आहे ते तरी..." आणि तिनेही आपल्या उरलेल्या पिल्लांना पाजलं. थोरला गवा आला. त्याचा एकच घोट, पण तो गव्याचा घोट होता.

मासोळी प्रत्येकाला म्हणत होती, "थोडं ठेवा हो. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी ठेवा." प्रत्येक जण म्हणत होता, "ठेवलंय की." आणि खरंच, जो तो उठताना डोणीत थोडं पाणी असे. खोटं कुणीच बोललं नाही.

कासव सर्वांत शेवटी पोचलं. तोवर तळाला ओंजळभर गढूळ पाणी राहिलं होतं. तहानेने त्याचंही डोकं फिरलं होतं. त्याने डोळे मिटले आणि तोंड बुडवलं. त्या क्षणी त्याला आपलं शहाणपण आठवलं की नाही, मला माहीत नाही. आठवलं असलं तरी त्याने तोंड वर काढलं नाही.

दुपार टळल्यावर रेडा आला. टिटवीचा निरोप ऐकून तो दरीतून सारी चढण धापा टाकत चढला होता. मधल्या दिवसांत तो खंगला होता, बरगड्या मोजाव्यात असा दिसत होता. तो सरळ रहाटापाशी गेला आणि त्याने लाकडाला खांदा लावला. चाक कुरकुरलं आणि फिरू लागलं. सगळ्यांनी आशेने विहिरीत डोकावून पाहिलं. चाकावर माळच नव्हती. रेड्यात बळ होतं, पण ओढायला काही उरलं नव्हतं. तो थांबला.

"मासोळी कुठे आहे?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी माना खाली घातल्या, कोल्होबांनीसुद्धा. रेडा पाटाच्या कडेने चालत डोणीपाशी गेला. तळाला चिखल होता. त्या चिखलात मासोळी कुशीवर पडली होती, आणि तिच्या पोटाखाली जी जरा ओल होती तिच्यात तिची पिल्लं होती. काही हलत होती, काही नव्हती.

मासोळीने कल्ले उघडले. "आलात दादा? किती वाट पाहिली हो. रहाट फिरवता ना?"

गाडगी फुटली, माळ तुटली, हे तिला कसं सांगायचं? तो म्हणाला, "फिरवतो."

तो परत गेला. त्याने पुन्हा खांदा लावला आणि तो रिकामं चाक फिरवू लागला. गोल गोल, पूर्वी फिरवायचा तसंच, सावकाश, एका चालीने. चाकाची कुरकुर पाटाच्या कडेने पार डोणीपर्यंत ऐकू जात होती. विहिरीपाशी सगळे प्राणी उभे होते. 'कशाला फिरवतोस?' असं विचारायची कुणाची छाती झाली नाही.

डोणीत मासोळीने ती कुरकुर ऐकली. तिने शेपटी कशीबशी हलवली आणि पिल्लांना म्हणाली, "ऐकलंत का रे बाळांनो? रेडेदादा आले. आता येईलच हं पाणी. आलंच बघा."

रेडा सूर्य मावळेपर्यंत फिरत राहिला.

तात्पर्य : नवं बळ जरूर जोडावं, पण जुना आधार काढण्याआधी तोल सांभाळणारी सोय उभी करावी. तोल एकदा ढळला की प्रत्येक जण एकेकच घोट घेतो आणि जीव मात्र ज्याला पळता येत नाही त्याचा जातो.